कस्टमर म्हणजे सवयीचं माणूस

हॉटेलात येणाऱ्या माणसाला इंग्रजीत पाच-सहा शब्द आहेत. ते सगळे मी कॉलेजात शिकले. पण त्यातला एकच मला नीट कळला, आणि तो कळायला साखरशेतला आणि जामसरला चालत जावं लागलं. ती गोष्ट लिहिते. चूक माझी होती, त्यामुळे सांगायला दुसऱ्या कुणाची परवानगी लागत नाही.

आधी हॉटेलाबद्दल. आमच्याकडे चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात, तेव्हा फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. जव्हारच्या एसटी स्टँडकडून कचेरीकडे जाताना रस्त्याला लागून पत्र्याचं छप्पर, तीन बाकडी, दोन टेबलं, एक चूल आणि एक गॅस. आई ते वीस वर्षं चालवते आहे. चहा, वडा, उसळ, रस्सा, आणि कुणी मागितली तर नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी. बाबा शेत बघतात. आई चौथी शिकली. वाचते सावकाश, अक्षराखाली बोट ठेवून, पण वाचते. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. आमच्या पाड्यावर माझ्याआधी कुणी बी.ए. झालं नव्हतं, मुलगाही नाही. हे मी सांगते तेव्हा काहींना वाटतं, ही मिरवते. मिरवतेच. घरी आम्ही वेगळं बोलतो, शाळेतली मराठी माझी दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. तिसऱ्या भाषेत पदवी घेतल्यावर माणसानं थोडं मिरवलं तर बिघडत नाही.

आईच्या हॉटेलात मुख्य येणं-जाणं असायचं ते गावांकडच्या माणसांचं. कुणी दाखल्यासाठी कचेरीत आलेलं, कुणी बँकेत, कुणी सरकारी दवाखान्यात गोळ्या न्यायला. ही माणसं सकाळच्या गाडीनं येतात आणि संध्याकाळच्या गाडीनं जातात. मधला दिवस काढायचा असतो. घरून निघताना भाकरी फडक्यात बांधून आणलेली असते. आईच्या बाकड्यावर बसायचं, फडकं सोडायचं, बरोबर एक चहा किंवा वाटीभर रस्सा घ्यायचा. कधी तेवढंही नाही. आई न विचारता ठेचा आणि कांदा पुढं ठेवायची. कागदांच्या पिशव्या तिच्याजवळ टाकून माणसं कचेरीत जायची. साहेब जागेवर नसला तर परत येऊन बसायची. हीच माणसं येताना रानातली शेवळं भाजीला आणायची, काकड्या आणायची, नागली आणायची, आणि आईची चूल त्यावरच चालायची. आई त्यांना गिऱ्हाईक म्हणत नसे. 'आपली माणसं' म्हणे. गिऱ्हाईक हा शब्द तिनं गाडीतून उतरणाऱ्या मुंबई-नाशिकच्या लोकांसाठी ठेवला होता.

कॉलेजात आम्हाला इंग्रजीला एक मॅडम होत्या. कुठलाही शब्द आला की त्या थांबायच्या आणि त्याचं गाव विचारायच्या. म्हणजे तो कुठून आला, आधी काय होता. बाकीच्या मुली कंटाळायच्या, मला मात्र त्यात भारी गोडी लागली. माझ्या वहीत मागच्या पानांवर नुसती शब्दांची गावं लिहिलेली असत. हॉटेलवालीची पोर म्हणून असेल, पण गिऱ्हाइकाचे शब्द मी सगळे गोळा केले, आणि संध्याकाळी आई वड्याचं पीठ कालवत असली की तिला सांगायचे.

क्लायंट हा शब्द रोमचा. तिथं गरीब माणूस रोज सकाळी मोठ्या माणसाच्या दारात जाऊन बसायचा, त्याच्या आसऱ्यानं राहायचा आणि त्याच्या मागं फिरायचा, तो क्लायंट.

"म्हंजे पुढाऱ्याच्या ओट्यावर बसतो तो," आई म्हणाली.

ज्याच्या दारात तो बसायचा तो पेट्रन. त्याच्या मुळाशी बाप हा शब्द आहे. पण आता इंग्रजीत हॉटेलात जेवायला येणाऱ्यालाच पेट्रन म्हणतात. हे ऐकून आई हसली. आसरा देणारा तो बाप हे तिला कळलं, पण खाऊन हात पुसून जाणारा बाप कसा, हे काही तिला पटलं नाही. व्हिजिटरच्या मुळाशी बघणं आहे. तो मूळचा बघायला येणारा. हे तिला लगेच पटलं, कारण पावसाळ्यात धबधबे बघायला येणारे लोक तिनं बघितलेले. रेग्युलर शब्दाच्या पोटात सरळ पट्टी आहे, रेघ आखायची. आपल्या गिऱ्हाइकात घेणारा आहे, ग्राहक. आणि गेस्ट आणि होस्ट, म्हणजे पाहुणा आणि पाहुण्याला घरात घेणारा, हे दोन्ही मागं मागं गेलं तर एकाच शब्दाला जाऊन मिळतात. परक्या माणसाचा तो फार जुना शब्द. त्याचीच एक फांदी लॅटिनमध्ये शत्रू झाली.

"जेवायला घातलं नसंल," आई म्हणाली.

कस्टमरचं गावही मी सांगितलं. कस्टम म्हणजे रीत, सवय. सवयीनं त्याच त्या दुकानी जातो तो कस्टमर. मध्ये कधीतरी इंग्लंडात जकात घेणाऱ्यालाही हाच शब्द होता, असंही मॅडम म्हणाल्या होत्या. यावर आई चुलीकडं धावली. दूध उतू चाललं होतं.

तेव्हा हे सगळं माझ्या वहीत होतं. डोक्यात किती होतं ते पुढं दिसलं.

निकाल लागला त्या वर्षी मी एका परीक्षेसाठी नाशिकला गेले. तिथं एका काचेच्या दाराच्या हॉटेलात दाराशीच पाटी होती, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. मला ती पाटी फार आवडली. आदल्या पावसाळ्यात आमच्याकडे एका गाडीतून एकाच कुटुंबातले पाच जण उतरले होते. तिन्ही बाकड्यांवर आपली माणसं फडकी सोडून बसलेली. ते पाच जण थोडा वेळ उभे राहिले, एकमेकांशी काहीतरी बोलले आणि निघून गेले. आई म्हणाली, जागा नव्हती. मला मात्र लाज वाटली होती, आणि ती जागेची नव्हती. ती लाज मी वर्षभर जपून ठेवली.

तेव्हा ज्येष्ठात, पर्यटक यायच्या आधी, मी पेंटरकडून पाटी रंगवून घेतली. वर मराठीत, ग्राहकांना नम्र विनंती, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. खाली तेच इंग्रजीत, प्रिय कस्टमर असं म्हणून. इंग्रजी ओळ मी स्वतः लिहून दिली होती आणि तिच्यात एकही चूक नव्हती. पेंटरलाही मी ते सांगितलं.

पाटी आईनं बोट फिरवत वाचली. मराठी ओळ संपल्यावर तिनं विचारलं, "बाहेरचं म्हंजे कुठलं?"

"म्हणजे घरून आणलेलं."

"घरचं बाहेरचं कधी झालं?"

मी तिला हॉटेल चालवायची पद्धत समजावून सांगितली. सगळीकडे असंच असतं, जागा अडते, आलेलं गिऱ्हाईक परत जातं. ती ऐकून घेत होती. मग तिनं खिळा आणि दगड आणला आणि पाटी स्वतः ठोकली. आज मला त्याचंच जास्त लागतं. तिला पटलं नव्हतं, पण ती मुलीनं इंग्रजीत लिहिलेली पाटी होती. आठवडाभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती, खालची ओळ पोरीनं लिहिली म्हणून. त्यात आपलीही माणसं होती. त्यांना वाचता येत नव्हतं. ती मान हलवून कौतुक करून गेली.

पुढं आषाढ लागला आणि आपली माणसं यायची कमी झाली. त्याचं काही वाटलं नाही, कारण आषाढात लावणी. ज्याला त्याला चिखलात उभं राहायचं असतं, कचेरीत कोण येतो. श्रावणात पर्यटकांच्या गाड्या आल्या, बाकडी भरली, वडे पुरेनात. मी मनात म्हटलं, बघा, पाटीचा गुण. भाद्रपदात पाऊस ओसरला, गाड्या थांबल्या. लावण्या तर कधीच उरकल्या होत्या. कचेरी चालू, दवाखाना चालू, सकाळची गाडी भरून येत होती. आणि आमची तिन्ही बाकडी रिकामी.

भांडायला कुणी आलं नाही. आमच्याकडे दुखावलेलं माणूस भांडत नाही, ते नुसतं यायचं थांबतं.

आई दुपारी रस्त्याकडं तोंड करून बसायची. एक दिवस तिनं बाबांना सांगितलं की दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर पत्रे उतरवून घरी न्यायचे. ती हे रडत-बिडत म्हणाली नाही. भाताला पाणी किती ठेवू, असं विचारावं तसं म्हणाली. धबधब्यांवर हॉटेल दोन महिने चालतं, उरलेले दहा महिने ते आपल्या माणसांवर चालतं, हे बाबांना कळलं, मला कळलं, आणि तिला तर आधीपासून माहीत होतं. वीस वर्षं पहाटे उठून लावलेली चूल माझ्या एका पाटीनं विझायच्या बेताला आली होती.

त्याच आठवड्यात स्टँडवर मला साखरशेतचे काका दिसले. वयानं सत्तरीचे असतील. आमच्या हॉटेलात त्यांची कोपऱ्यातली जागा ठरलेली होती. ते स्टँडच्या फरशीवर भिंतीला टेकून भाकरी खात होते. मी जवळ जाऊन म्हटलं, काका, इथं का? त्यांनी मला बघून फडक्याची एक बाजू सारखी केली, जणू मलाच जागा करून देत होते.

"तुमच्याकडं पाटी लागली ना गे," ते म्हणाले. "आम्हाला वाचता येत नाय. पोरीनं वाचून दाखवली, नातीनं. आठवीला हाय. तिला मीच शाळेत घातली."

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्यांचा मुलगा ठाण्याला बांधकामावर जातो, तो पाटी ऐकून हसला आणि म्हणाला, सेठ लोग का हॉटेल हो गया. हे त्यांनी मला अगदी सरळ सांगितलं, बातमी सांगावी तसं.

मी तडक आले आणि पाटी उपटून काढली. खिळा निघताना पत्रा फाटला. आई बघत होती.

"काढलीस ते बरं," ती म्हणाली. "पण त्यांना कसं कळंल? ती तर येतच नायत."

मी म्हटलं, भेटतील त्यांना सांगते, माफी मागते. आई म्हणाली, माफी तोंडानं मागायची नसते. त्यांच्या घरी जायचं, पाणी मागून प्यायचं, देतील ते जेवायचं. हातात काही न्यायचं नाही, खाऊ नाही, साखर नाही. नेलंस तर फेडल्यासारखं होईल. आणि पाटीचा विषय आपण काढायचा नाही. मी विचारलं, मग त्यांना कळणार कसं? ती म्हणाली, बी.ए. झालेली पोर उन्हातून चालत आली आणि आपल्या घरचं पाणी प्याली, यात न कळण्यासारखं काय आहे?

ही आमच्याकडची जुनी रीत. रुसलेल्या भावकीला असंच परत आणतात. मला ती माहीत होती, पण हॉटेलालाही ती लागू पडेल असं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी आधी साखरशेतला गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात पोटरीला आलेला, वर उतारावर नागली. काकांचं घर कुडाचं, शेणानं सारवलेलं. त्यांनी मला बघितलं आणि कशी आलीस, का आलीस, काही विचारलं नाही. नातीला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. मी पाणी प्याले. काकूंनी न विचारता भाकरी टाकली, सोबत सुकट आणि उडदाची चटणी. मी पोटभर जेवले. बाकी सगळं लटकं असेल, पण भूक खरी होती. नंतर काकांनी नातीला इंग्रजीचं पुस्तक आणायला लावलं आणि मला म्हणाले, हिचं बघ जरा. धडा होता बाजाराचा. त्यात कस्टमर हा शब्द आला तेव्हा काकांनी विचारलं, म्हणजे कोण? मी सांगितलं. सवयीचं माणूस. एकाच दुकानी सवयीनं जाणारं.

काकांनी अंगणात शिरलेली कोंबडी हुसकली. "मग आम्ही होतो की," ते म्हणाले.

'होतो' हा शब्द मी साखरशेतहून जव्हारपर्यंत बरोबर आणला. तीन वर्षं वहीत पडून असलेल्या त्या शब्दाचा अर्थ मला त्या अंगणात लागला. वीस वर्षं लागून तयार झालेली सवय मी महिन्याभरात मोडली होती, आणि ती मोडताना पाटीवर मोठ्या अक्षरात त्यांना कस्टमर म्हणूनच लिहिलं होतं.

जामसरची मावशी मात्र काकांसारखी नव्हती. दर सोमवारी ती गुडघ्याच्या गोळ्यांसाठी दवाखान्यात यायची आणि रांग सुटेपर्यंत आमच्याकडं बसायची. मी गेले तेव्हा ती सुपात तांदूळ निवडत होती. मी पाणी मागितलं. ती म्हणाली, हांडा तिथं आहे, तुला वाचता येतं तसं ओतूनही घेता येत असेल. मी ओतून घेतलं. बस म्हणाली नाही, मी उभीच. मग तिनं सूप माझ्याकडं सरकवलं. मी बसले आणि खडे वेचायला लागले. अर्धा तास आम्ही दोघी एका सुपावर. मला वाटलं, हे जमत नाही, उठून जावं. पण आईनं जेवून ये म्हटलं होतं.

शेवटी तीच बोलली. "मला वाटलं तुझी आई बदलली. तू बदललीस तर चालंल, तू शिकलेली. ती बदलली म्हणून वाईट वाटलं."

मी म्हटलं, आई नाही बदलली. पाटी माझी होती.

"ते आता समजलं. ती बदलली असती तर तिनं असं हात हलवत पाठवलं नसतं." आणि सूप बाजूला ठेवून ती चुलीकडं गेली. जाताना म्हणाली, "ये मॅडम, पाय धू. वरईचा भात हाय, चालतो का तुम्हाला?"

तो मॅडम सरळ काळजाला लागला, पण भात चांगला होता. मी दोनदा मागून घेतला.

खोडाळ्याच्या बाजूच्या एका नवरा-बायकोकडंही मी गेले. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, चांगलं बोलले, आणि जेवायला थांब म्हणाले नाहीत. ते अजून आलेले नाहीत. सगळेच परत आले असं लिहिलं तर ते खोटं होईल.

पुढच्या सोमवारी आईनं रोजच्यापेक्षा जास्त रस्सा टाकला. मी म्हटलं, इतका कशाला, येतील की नाही कुणास ठाऊक. ती म्हणाली, तू जेवलीस ना? मग झालं. सकाळची गाडी आली, माणसं उतरली, सरळ कचेरीकडं आणि दवाखान्याकडं गेली. आमच्या दारावरून जाताना दोघा-तिघांनी आत बघितलं. आईनं हाक मारली नाही. मलाही मारू दिली नाही. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. रस्सा दोनदा गरम करून झाला. बाबा शेतावरून आले आणि मुद्दाम काही न विचारता पाण्याची घागर भरायला गेले.

बारा वाजून गेल्यावर मावशी आली. गुडघा धरत, एक पायरी चढायला वेळ घेत. बाकड्यावर बसली, दम खाल्ला, आणि मांडीवर फडकं सोडलं. पाठोपाठ साखरशेतचे काका, त्यांच्याबरोबर नात आणि तो ठाण्याचा मुलगा. तो आत येताना वर पाटीच्या जागी फाटलेल्या पत्र्याकडं बघत होता. मग कचेरीतून आणखी चौघं. कुणी कुणाला सांगितलं माहीत नाही, दुपारी एकपर्यंत बसायला जागा उरली नाही. आई इकडून तिकडं वाट्या ठेवत होती आणि कुणाची सून बाळंत झाली, कुणाचा बैल बरा झाला ते विचारत होती. जणू मधले तीन महिने झालेच नव्हते.

त्या गर्दीत एक गाडी येऊन थांबली. ऋतू संपल्यावरही चुकून कुणी येतं. नवरा-बायको, पन्नाशीचे, चांगले लोक होते. जागा नव्हती तर ते दाराशी उभे राहिले. बाईंनी मला इंग्रजीत विचारलं की ही सगळी माणसं तुमचे कस्टमर आहेत का, कारण जो तो आपलंच काहीतरी खातो आहे.

आदल्या वर्षीची मी असते तर मला पुन्हा तीच लाज वाटली असती. मी इंग्रजीत उत्तर दिलं, न अडखळता, माझ्या डिग्रीला शोभेल असं. होय, म्हटलं, हेच आमचे कस्टमर. वीस वर्षं इथं येतात. तुम्हीही बसा, थोडं सरकून जागा होईल.

काकांची नात माझ्याकडं बघत होती. तिनं आजोबांना कोपरानं ढोसलं आणि आमच्या बोलीत काहीतरी सांगितलं. काका बाकड्यावर सरकले. मावशीही सरकली, बडबडत, माझा गुडघा सांभाळा म्हणत. ते नवरा-बायको दोघांच्या मध्ये बसले. बाईंना मावशीनं आपल्या भाकरीचा तुकडा मोडून दिला, विचारलंही नाही. बाईंनी तो रश्शात बुडवून खाल्ला आणि माझ्याकडं बघून इंग्रजीतच म्हणाल्या की हे मेनूत आहे का.

"काय म्हंते ती?" आईनं चुलीपासून विचारलं.

"भाकरी आवडली म्हणते."

"मावशीची हाय, मावशीला सांग," आई म्हणाली, आणि पुढची वाटी माझ्या हातात दिली.